दोन बोटं माया

मित्रांनो, मी एक जुना ब्लाउज आहे. नुसता जुना नाही, मापाचा. अंगात घालायचा ब्लाउज वेगळा आणि मापाचा वेगळा. घालायचा बिचारा घामात भिजतो, दोरीवर वाळतो, विटतो. मापाचा मात्र ट्रंकेत डांबरगोळ्यांच्या शेजारी लोळत पडतो. वर्षातून एकदोनदा कापडी पिशवीत बसून तेलगावला टेलरकडे जातो, टेबलावर दोन्ही बाह्या पसरून आडवा होतो, टेलर टेप लावतो, की आलो परत. एवढंच काम. आणि एवढ्याशा कामात मी सव्वीस वर्षं खोटं बोललो. ते सांगायलाच आज तोंड उघडलंय.

ज्यांच्या बाबतीत खोटं बोललो, त्या छबुबाई. गावातल्या शाळेत बावीस वर्षं खिचडी शिजवणाऱ्या. त्यांच्या हातची खाल्लेली पोरं आता स्वतःच्या पोरांची नावं घालायला शाळेत येतात आणि पहिलं विचारतात, "मावशी हायत का अजून?"

माझा जन्म तेलगावच्या केदारनाथ आप्पांच्या मशीनवर झाला. मोरपंखी रंगाचं, टू बाय टू रुबियाचं कापड. छबुबाईंच्या भावाचं लग्न होतं. आप्पांनी त्यांना टेप लावली नाही. जुने टेलर बायकांना टेप लावत नसत, दारात उभ्या बाईकडे एकदा बघायचे आणि वहीत आकडे टाकायचे. मी शिवून झालो तेव्हा आप्पा म्हणाले, "माय, दोन्ही बाजूंनी आत दोन-दोन बोटं माया ठेवलीय. अंग भरलं की घेऊन ये, उसवून देतो."

माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. वरून दिसत नाही. पुढं लागेल तेव्हा उसवून सैल करायचं.

लग्नात मी अंगावर असा बसलो, की बायका वळून वळून बघायला लागल्या. "छबे, काय फिटिंग हाय गं!" म्हणाल्या. तिथंच घोळ झाला. घरी आल्यावर छबुबाईंनी मला धुतलं, घडी घातली आणि जाहीर केलं, "हे झंपर आता मापालाच ठेवायचं. ह्याला कुणी हात लावायचा न्हाई." आम्हाला टेलर ब्लाउज म्हणतो, त्या झंपर म्हणतात.

मित्रांनो, त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हवा गेली.

पुढं आप्पा वारले. दुकानात त्यांचा मुलगा रुद्रप्पा बसायला लागला. दर वेळी मला टेबलावर पसरून तो विचारायचा, "मावशी, माप तेच ना?"

"मापाला काय धाड भरलीय? माप काय बदलत अस्तंय का कुठं?"

"तेबी खरंच हाय," रुद्रप्पा म्हणायचा आणि कात्री चालवायचा.

माप बदलत नव्हतंच. छबुबाई बदलत होत्या. दंड भरले, पाठ रुंद झाली, पोट सुटलं. साठीकडं निघालेल्या बाईचं जसं होतं तसं झालं, त्यात काहीच गैर नव्हतं. पण मी टेबलावर पडून ठासून सांगायचो, छबुबाई म्हणजे मी. नवा ब्लाउज यायचा. छबुबाई त्याची माया उसवायच्या, चार महिने निभायचं. मग तीही पुरेना. खालचे दोन हूक मोकळे, वरच्यांच्या जागी सेफ्टी पिना आणि सगळ्यावर दोन्ही खांद्यांवरून पदर. मुंढ्यात, म्हणजे काखेच्या शिवणीत, इतकं काचायचं, की डावा हात वर होत नव्हता. कोपरं अंगाला चिकटवून त्या खिचडी हलवायच्या. पोरं मागं त्यांच्यासारखी चालून दाखवायची आणि हसायची.

दोष कुणाला दिला त्यांनी? मला नाही. "अंगच लई सुटलंय मेलं," म्हणायच्या. एक सबंध उन्हाळा सकाळची भाकर सोडली होती. शाळा सुरू झाल्यावर दोनशे पोरांना वाढायचं आणि आपण कपभर चहावर बसायचं, असं महिनाभर चाललं. मी तेव्हा ट्रंकेत होतो. आरामात.

आता खिचडीतल्या लोखंडाचं सांगतो. शाळेच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला इतकी बारीक जाळी का आहे, असं गावात कुणालाही विचारा, धड उत्तर मिळणार नाही. खरं कारण मी आहे.

त्या दिवशी तालुक्याहून साहेब तपासणीला आले होते. छबुबाईंनी माझ्या मापाचा नवाकोरा ब्लाउज घातला होता. पातेल्यावर वाकून त्यांनी उलथनं फिरवलं आणि वरचा हूक सुटला. नुसता सुटला नाही, उडाला. भिंतीवर टिंग करून वाजला आणि खिचडीत गडप झाला. छबुबाईंनी उलथन्यानं लई शोधला. तेवढ्यात साहेबांचं ताट वाढलं गेलं. आता दोनशे ताटांतून तो हूक नेमका कुणाच्या ताटात जावा?

साहेबांनी दाढेखालून तो काढला, उजेडात धरला. "हे काय आहे?"

हेडमास्तर रामप्रसाद सर घाबरून उभे राहिले. घाबरलं की ते सरकारी भाषेत बोलायचे. "साहेब, लोह. आहारात लोहाचं प्रमाण वाढवण्याबाबत परिपत्रक आलेलं आहे."

तीन जणांची समिती बसली. तांदळाची पोती उपसली, मुगाची डाळ चाळणीनं चाळली. डाळवाल्याला नोटीस गेली, त्यानं उलटं लिहून पाठवलं की आमच्या डाळीत खडे असतात, लोखंड नसतं. तो हूक पाकिटात घालून, लाखेनं बंद करून कपाटात ठेवला. शेवटी अहवाल आला की सदर धातूचा तुकडा खिडकीतून वाऱ्यानं आला असावा, तरी जाळी बसवावी.

छबुबाई आठ दिवस पदर गच्च धरून कोपऱ्यात उभ्या होत्या. काम जाईल म्हणून भीती होतीच, पण काम गेलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं की तो आपल्या छातीवरचा हूक होता. चार माणसांत बाईनं ते कसं सांगायचं? डाळवाल्याची नोटीस मात्र त्यांच्या मनाला लागून राहिली. खरा गुन्हेगार मी. माझी कुणी चौकशी केली नाही.

आणि मग यंदाचा निरोप समारंभ आला. छबुबाईंचं वय झालं म्हणून शाळेनं सत्कार ठरवला. स्टेज, शाल, नारळ, माईक. त्यांच्या सूनबाई सत्यशीला यांनी सासूला डाळिंबी रंगाची साडी घेतली आणि मॅचिंग ब्लाउजचं कापड. मी पिशवीत बसून तेलगावला गेलो. मी ताठ्यातच होतो.

समारंभाला चार दिवस राहिले असताना नवा ब्लाउज घरी आला. छबुबाईंनी हात घातला. बाही कोपरापर्यंत आली आणि तिथंच थांबली. ओढली, हलत नाही. काढायला गेल्या, निघतही नाही. सत्यशीलानं खोबरेल लावून हात सोडवला. छबुबाई खाली बसल्या.

"मी न्हाई येत सत्काराला. सरांना सांग, डोकं दुखतंय."

"आत्याबाई, सत्कार चार दिवसांनी हाय. डोकं आत्तापसून?"

"तवा दुखंल. मला म्हाईताय." मग बारीक आवाजात म्हणाल्या, "शाल घालतेत ना गं, तवा हात जोडावं लागतेत. चार लोकांत फाटलं तर? गावाला हासायला नको, माय. न्हाई जात मी."

मित्रांनो, हे मी खुंटीवरच्या पिशवीतून ऐकलं. बावीस वर्षं राबलेली बाई आपल्याच सत्काराला जाणार नव्हती. माझ्यापायी. मला बोलता येत नव्हतं, ते खरं. पण फाटता तर येत होतं! सव्वीस वर्षांत एकदा जरी टेबलावर टर्रकन फाटलो असतो, तरी लोकांनी माझ्यावरचा विश्वास सोडला असता. मी फाटलो नाही. मला माझं फिटिंग प्यारं होतं.

सत्यशीला दुसऱ्या दिवशी मला आणि नव्याला घेऊन दुकानात धडकली. "तुमी माणसाचं शिवताव का भावलीचं?"

रुद्रप्पा दुखावला. "ताई, मापानं शिवलंय. सुताचा फरक निघाला तर दुकान बंद करतो." त्यानं नवा ब्लाउज माझ्यावर पसरला. काठाला काठ, बाहीला बाही. "बघा! हाय का फरक?"

फरक नव्हता. सगळ्यांचं बरोबर होतं, एकटा मी चूक होतो.

आत काज-बटण करत बसलेली रुद्रप्पाची बायको शिवकांता उठून आली. तिनं मला उचललं, उलटं केलं, आतली शिवण बघितली. "अवो, ही तुमच्या हातची शिलाई न्हाई. ही मामंजींची हाय."

"आप्पांची?" रुद्रप्पानं चष्मा चढवला. "व्हय की गं."

"मामंजींना जाऊन अठरा वर्षं झाली. म्हंजी इतकी वर्षं मावशीला एकदाबी न बघता कापताव व्हय तुमी?"

"मावशीला टेप कशी लावू बे मी?" रुद्रप्पा गडबडला. बायकोला बे म्हणालो हे कळून अजूनच गडबडला. "म्हंजी, आईसारख्या हायत त्या. आपल्याला जमंना ते."

"मग मला सांगायला काय झालतं?"

तासाभरात शिवकांता टेप गळ्यात अडकवून सत्यशीलाच्या स्कूटीवर बसून छबुबाईंच्या दारात हजर. छबुबाई पुढं येईनात. "माझं माप कशाला? माप हाय की पिशवीत."

"ते पिशवीचं माप हाय. तुमचं द्या."

छबुबाई उभ्या राहिल्या. पोट आत ओढलं, श्वास कोंडला, डोळे मिटले.

"मावशी, श्वास सोडा."

"सोडला."

"कुठं सोडला? गाल फुगलेत तुमचे."

सत्यशीला फिसकन हसली. शिवकांतानं टेप ढिली धरली आणि सहज विचारलं, "हे जुनं झंपर शिवलं तवा लई बारीक होता की वो तुमी."

"बारीक कसली," छबुबाई म्हणाल्या. "त्या साली कारखान्याहून आलतो. सहा महिने ऊस तोडून. तान्हं लेकरू अंगावर पिणारं आन् माझ्या पोटाला येळंला एक भाकर. अंगावर मांस कुठं होतं? नुसती हाडं होती. लग्नात बाया म्हणल्या, काय फिटिंग हाय! मला वाटलं, असंल."

आणि त्यांनी श्वास सोडला. शिवकांतानं तेवढ्यात टेप लावली.

मी पिशवीत गार पडलो. मला वाटायचं, मी छबुबाईंच्या चांगल्या दिवसांचं माप आहे. मी त्यांच्या उपाशी सालाचं माप होतो. आणि त्या मापात बसायला त्यांनी भरल्या पातेल्यासमोर भाकर सोडली होती.

"किती आलं गं?" छबुबाईंनी घाबरत विचारलं.

"जेवढ्या तुमी, तेवढं," शिवकांता म्हणाली आणि आकडा वहीत लिहून वही मिटली.

सत्काराला मीही गेलो, सत्यशीलाच्या पर्समध्ये. वेळ पडली तर ठिगळाला, म्हणून. डाळिंबी साडी, पाठीवर कुठं चुणी नाही, मुंढ्यात काचणं नाही. छबुबाईंनी हात जोडले. सत्यशीलानं डोळे मिटले. काही वाजलं नाही. शाल पडली, नारळ आला. रामप्रसाद सर भावुक होऊन म्हणाले, "छबुबाईंनी आमच्या पोरांना पोटभर अन्न दिलं, प्रथिनं दिली, लोह दिलं."

छबुबाईंनी माईक हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. डावा हात सरळ डोक्याच्या वर केला, गर्दीला गप करायला.

"सर, ते लोह न्हवतं. ते माझ्या झंपराचं हूक हुतं. डाळवाल्याचा काई दोष न्हवता. तेवढं त्येला सांगा."

मांडवात असा हशा उठला, की मागच्या रांगेतल्या बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. छबुबाईही हसत होत्या, पोट धरून, तोंडावर पदर न घेता. आणि फाटलं नाही काही.

घरी आल्यावर सत्यशीलानं माझ्या दोन्ही बाजू उसवल्या. आप्पांनी ठेवलेली माया बाहेर आली. न वापरताही मी वरून विटून राखाडी झालोय, पण ती दोन-दोन बोटांची पट्टी मोरपंखीच होती, कालच दुकानातून आणल्यासारखी. छबुबाईंनी तिच्यावरून अंगठा फिरवला. "आप्पा म्हणलते, अंग भरलं की घेऊन ये. ऱ्हाऊनच गेलं बघ." मग मला अंगाला लावून बघितलं. माया धरूनही मी चांगला चार बोटं कमी पडलो. दोघी पुन्हा हसल्या.

आता मी चुलीपाशी असतो. गरम पातेलं उतरायचं फडकं झालोय. छबुबाई दोन्ही हातांनी मला धरतात, भात उतरवतात आणि आधी स्वतःचं ताट वाढून घेतात. चटका बसतो. बसू दे, माझ्या वाटणीचा आहे तो.

मित्रांनो, तुमच्या घरात आई असेल, आजी असेल. तिला काही शिवायचं असलं, तर पिशवीतल्या जुन्या कपड्याचं ऐकू नका. तिला उभी करा, श्वास सोडू द्या, मग माप घ्या. आणि शिवणीत माया असली, तर वेळेवर उसवा. मी सव्वीस वर्षं ती आत धरून बसलो, आणि बाहेर आली तेव्हा ती कुणालाच पुरली नाही.