दुसरा अर्थ

चंद्रभानने पेढा नूपुरच्या हातावर न ठेवता सरळ तिच्या तोंडापाशी धरला.

"घ्या मॅडम, नाही म्हणू नका. पोरगा सापडला आमचा."

नूपुरच्या हातात मार्कर होता. पांढऱ्या फळ्यावर 'हिअर' आणि 'लिसन' असे दोन शब्द लिहून झाले होते आणि त्यांच्यामधली रेघ अर्धीच ओढून राहिली होती. तिने अर्धा पेढा दातांनी तोडला. वर्गातल्या मुलामुलींनी टाळ्या वाजवल्या. चंद्रभानच्या मागे हर्षा उभी होती, डोळे सुजलेले आणि चेहरा हसरा. किती तरी दिवसांनी तिने वेणी नीट घातली होती.

मनीषनगरात एका डेअरीच्या वरच्या मजल्यावर नूपुरचा इंग्रजी बोलायला शिकवणारा वर्ग होता. हर्षा तिथली जुनी विद्यार्थिनी. एका दातांच्या दवाखान्यात ती फोन घ्यायला बसायची, आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनीच तिला इकडे धाडलं होतं. तिचा मोठा भाऊ धर्मेंद्र वेल्डर होता. दूर समुद्रात तळाशी पाइप टाकणाऱ्या जहाजावर त्याला काम मिळालं होतं. वादळात ते जहाज कलंडलं. काही माणसं वाचली, काहींचा पत्ता लागेना. तेव्हापासून कंपनीच्या माणसाचा रोज संध्याकाळी फोन यायचा. तो चेन्नईहून बोलायचा. त्याला हिंदी जेमतेम यायची, म्हणून बोलणं इंग्रजीत, आणि घरात ते समजणारी एकटी हर्षा.

"काय म्हणाला तो?" नूपुरने विचारलं.

"काल फोन आला त्याचा," हर्षा म्हणाली. "म्हणे, रेस्क्यू इज ओव्हर. नाऊ इट इज रिकव्हरी." ती वाक्य शिकवल्यासारखं स्वच्छ बोलली, मग वडिलांकडे वळली. "म्हणजे काढलं बाहेर. आता बरा होऊन राहिला."

पेढा नूपुरच्या जिभेवर तसाच राहिला.

"आमच्या ऑफिसात तर मॅडम, रिकव्हरी म्हणजे हप्ते थकलेली गाडी उचलून आणणे," मागच्या बाकावरून रजत म्हणाला. वर्ग हसला. चंद्रभानही हसला. त्याची पिठाची चक्की होती. भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर पीठ बसलेलं होतं. चक्की तशीच चालू ठेवून तो आला असावा.

नूपुर हसली नाही. या खोलीत त्या शब्दाच्या सगळ्यात जवळ रजतच पोचला होता. जे गेलं ते परत आणायचं, मग ते कुठल्याही अवस्थेत असो.

"हर्षा, तो अजून काही बोलला?"

"लई फास्ट बोलते तो. म्हणे आज पुन्हा फोन करतो, काही विचारायचं आहे." मग हर्षा जवळ आली. "मॅडम, तुम्ही येता का आज घरी? आईले त्याच्याशी बोलायचं आहे. दादाशी बोलणं करून दे म्हणते. मले इतकं जमत नाही."

नूपुर येते म्हणाली. चंद्रभान प्रत्येक बाकापाशी थांबून पेढा देत दारापर्यंत गेला. एका मुलीने उपास आहे म्हटल्यावर त्याने तिला कागदात बांधून दिला. जिन्यावरून त्याच्या चपलांचा आवाज भराभर खाली गेला.

नूपुरने फळ्याकडे तोंड केलं आणि ओठ पुसले. 'हिअर' म्हणजे कानावर पडणं, 'लिसन' म्हणजे मन लावून ऐकणं, असं ती नेहमी सांगायची. आज तिला वाटलं, हर्षाने तर मन लावूनच ऐकलं होतं. ती पाठमोरीच म्हणाली, "आज इथेच थांबू."

शहरात बाकीचे वर्ग महिन्यात फाडफाड इंग्रजी बोलायला शिकवत. नूपुर मात्र दिसायला सारख्या शब्दांतला फरक सांगत बसायची. मुलं कंटाळायची, काही सोडूनही जायची. पण चुकीचा शब्द माणसाला चुकीच्या दारात नेऊन उभं करतो, हे म्हणणं ती सोडत नव्हती. इथे शब्द चुकलाच नव्हता. हर्षाने अचूक ऐकला होता आणि तिला ठाऊक असलेला अर्थ बरोबरच होता. तापातून उठलेल्या माणसाला लोक तोच शब्द लावतात. दवाखान्यातल्या खोलीच्या दारावरही तोच असतो.

तिला वाटलं, जिन्यावरच हर्षाला थांबवून सांगायला हवं होतं. तिथे नाही सांगितलं, मग रस्त्यात सांगू असं तिने ठरवलं. पण संध्याकाळी ती निघाली तेव्हा हर्षा स्कूटी घेऊन खाली आधीच उभी होती आणि वाटभर तीच बोलत होती. दादाला विमानाने आणतील की रेल्वेने. आता पुन्हा समुद्रावर नाही पाठवायचा. बुटीबोरीच्या कारखान्यांत कुठेही वेल्डरचं काम मिळते, दहा हजार कमी मिळाले तरी चालते. मागे बसलेल्या नूपुरने दोनदा तिच्या खांद्यावर हात ठेवला. हर्षाला वाटलं, मॅडमना वेग झेपत नाही. तिने गाडी हळू केली.

घर चक्कीच्याच मागे होतं, वरच्या मजल्यावर दोन खोल्या. जयवंता, हर्षाची आई, दारातच आली आणि तिने नूपुरचे दोन्ही हात धरले. तिच्या हातांना लसणाचा वास येत होता.

"या मॅडम. बसा. तुमच्यामुळं पोरीले इंग्रजी आली, नाही तर आम्हाले काय कळलं असतं?"

नूपुर बसली. तिच्यासमोर पाणी आलं, चहा आला, त्यामागे पोह्यांची बशी आली. शेजारच्या कौशल्याबाई दारातून डोकावून "देव पावला वं" म्हणून गेल्या. चंद्रभान चक्की बंद करून, हातपाय धुऊन वर आला आणि फोन मध्ये ठेवून त्याच्याभोवती सगळे बसले, जेवायला बसावं तसे.

फोन वाजला. हर्षाने स्पीकर लावला आणि नूपुरकडे सरकवला.

पलीकडचा माणूस तरुण असावा. आवाज थकलेला होता. नूपुरने इंग्रजीत आपलं नाव सांगितलं, घरच्यांच्या वतीने बोलते आहे म्हणून सांगितलं.

"बरं झालं," तो म्हणाला. "मला रोज भीती वाटते, त्यांना नीट कळतं की नाही."

"तुम्ही काल त्यांना काय सांगितलंत?"

"रेस्क्यू थांबवलं, आता रिकव्हरी सुरू आहे. मॅडम, आम्हाला हाच शब्द वापरायला सांगितलंय."

"त्यांनी वेगळं ऐकलंय."

"काय ऐकलं?"

"हाच शब्द," नूपुर म्हणाली.

पलीकडे त्याने श्वास सोडलेला ऐकू आला, आणि हळू आवाजात देवाचं नाव.

"काय म्हणते?" जयवंताने विचारलं. "झोपला आहे का तो? त्याले विचारा, जेवून राहिला का नीट? समुद्राचं मासोळीचं खाणं त्याले जमत नाही."

"बोलतो आहे, काकू," नूपुर म्हणाली. "एक मिनिट."

तो माणूस आता भरभर बोलू लागला, बोलणं एकदाचं संपवावं तसा. पाणबुडे जहाजाच्या आतपर्यंत पोचले आहेत. काही जण मिळाले आहेत. पाण्यात फार दिवस गेले, चेहऱ्यावरून ओळख पटत नाही. त्यात धर्मेंद्र आहे का, ते पाहण्यासाठी आईच्या किंवा वडिलांच्या रक्ताचा नमुना लागेल. उद्या सकाळी मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी दवाखान्यात जायचं, तिथे कळवलेलं आहे.

हर्षा नूपुरच्या ओठांकडे पाहत होती, वर्गात पाहायची तशी. एक शब्द तिने पकडला.

"मॅडम, रिमेन्स म्हणाला तो. स्टे आणि रिमेन घेतलं होतं ना आपण? म्हणजे राहिला, ना? तो तिकडेच राहिला?"

नूपुरने तिच्याकडे पाहिलं. उत्तर तिच्या तोंडात तयार होतं. इथे ते क्रियापद नव्हतं, नाम होतं: माणसाचा मागे उरलेला देह.

"अन् ब्लड म्हणाला," हर्षाचा आवाज बारीक झाला.

"रक्त?" जयवंता पुढे सरकली. "रक्त लागून राहिलं का त्याले?"

"हो काकू," नूपुर म्हणाली. "रक्त मागितलंय. तुमचं किंवा काकांचं."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. बोलून झाल्यावर नूपुरने डोळे खाली घातले.

जयवंताने मनगटावरच्या बांगड्या मागे सारल्या आणि हात पुढे केला, जणू तो माणूस फोनमधूनच सुई टोचणार होता. "माझं घ्या म्हणा. पाहिजे तितकं घ्या. त्याचं अन् माझं एकच आहे, त्याच्या जल्माच्या वेळी डॉक्टरनं सांगतलं होतं."

"तुले अशक्तपणा आहे," चंद्रभान म्हणाला. त्यानेही सदऱ्याची बाही कोपराच्या वर चढवली होती. "माझं देतो. किती लागन मॅडम? दोन बाटल्या? तीन? उद्या चक्की बंद ठेवतो. जिथं म्हणतीन तिथं येतो, विमानाचं तिकीट काढतो."

"इथेच द्यायचं आहे काका. मेडिकलला."

"इथं देऊन तिकडे पोचते?"

"पोचतं."

"खराब नाही होत? किती देऊ मंग?"

नूपुरने फोनकडे पाहिलं. पलीकडचा माणूस अजून होता. तो ऐकत होता, पण त्याला यातलं काही समजत नव्हतं.

"थोडंच," ती म्हणाली.

"थोडं म्हणजे?"

"बोटातून घेतात. दोन-चार थेंब."

चंद्रभान तिच्याकडे पाहत राहिला. माप हा त्याचा रोजचा धंदा होता. कुणाच्या घरी किती माणसं, कुणाला किती पीठ पुरतं, हे तो डबा हातात घेऊन सांगायचा. त्याने बाही कोपराखाली आणली, मग मनगटापर्यंत. बटण लावायला त्याला वेळ लागला.

"थँक यू बोला त्याले," तो हर्षाला म्हणाला. "अन् ठेवून दे फोन."

नूपुर उठली तसा तोही तिला सोडायला खाली उतरला. चक्कीचं शटर अर्धं उघडं होतं आणि आतून गव्हाचा गरम वास येत होता. दळण न्यायला आलेली कुणी बाई डबा ठेवून गेली होती. त्याने तो उचलून आत सरकवला.

"मॅडम," तो पाठमोराच म्हणाला, "पोरीनं काल घरात सांगतलं त्या शब्दाचे दोन अर्थ होते का?"

"हो."

"एक आम्हाले माहीत आहे. दुसरा सांगा."

नूपुरने सांगितला. तो अर्थ मराठीत सांगायला तिला फार थोडे शब्द लागले. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, त्याच्या आवाजात तिचं शेवटचं वाक्य बुडालं, आणि चंद्रभानने तिला ते परत विचारलं नाही. तो चक्कीच्या पायरीवर बसला. त्याने दोन्ही तळहात गुडघ्यांवर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे पाहत राहिला.

"मी येऊ का वर? मी सांगते काकूंना," नूपुर म्हणाली. "मीच सांगायला हवं होतं. सकाळीच."

त्याने मान हलवली.

"साऱ्या लाइनीत पेढे वाटले हर्षाच्या आईनं," तो म्हणाला. "कोणाकोणाच्या घरी जाऊन सांगू?"

नूपुर त्याच्या शेजारी, पिठाने पांढऱ्या झालेल्या पायरीवर बसली. वरच्या खोलीतून हर्षाचा आवाज येत नव्हता. जयवंताचा मात्र येत होता. ती भांडी लावत कुणाला तरी फोनवर सांगत होती, रक्त द्यायला जायचं आहे, उद्याच, हो, आम्ही दोघंही. मग तिची पावलं गच्चीच्या कठड्यापर्यंत आली.

"अहो," तिने वरून हाक मारली, "गेल्या का मॅडम? विचारून घ्या त्याहिले, उद्या उपाशीपोटी जायचं का जेवून?"

चंद्रभानने वर पाहिलं.

"जेवून," तो म्हणाला. "जेवूनच जाऊ, म्हणते."