निशिगंधाची अट

आंबिवलीच्या निशिगंधाला सहाव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. इतक्या कमी दिवसांच्या बाळाची सोय ठाण्याला होती, म्हणून कल्याणच्या डॉक्टरांनी तिला लगेच तिकडे पाठवलं. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये नवरा कमलेश तिचा हात धरून बसला होता.

ठाण्यात लहान मुलांच्या डॉक्टर जेनिफर डिमेलो तिच्या खाटेपाशी स्टूल ओढून बसल्या.

"बाळ जेमतेम पाऊण किलोचं असेल. फुप्फुसं कच्ची आहेत, ती लवकर तयार व्हावीत म्हणून तुम्हाला इंजेक्शन दिलंय. वाचेलच असं मी सांगू शकत नाही. वाचलं तरी पुढे त्रास राहू शकतो. आम्ही प्रयत्न करावेत असं वाटतं का तुम्हाला?"

कमलेशने निशिगंधाकडे पाहिलं.

"करा," ती म्हणाली. "पण जे होईल ते मला तिथल्या तिथे सांगायचं. लपवायचं नाही."

"सांगेन."

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी झाली. नाळ कापून तिला न पुसताच, ओलीच, मानेपर्यंत प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं. उशाशी उभा असलेला कमलेश चरकला.

"ऊब टिकावी म्हणून," सिस्टर मिशेल हळूच म्हणाली.

"निशिगंधा, मुलगी आहे," जेनिफर मागे न बघता म्हणाल्या. "श्वास घेत नाहीये. मास्कने हवा देतेय. ठोके मंद आहेत."

"हं."

"अजून वाढले नाहीत. मास्क नीट बसला नव्हता, पुन्हा लावतेय."

"डॉक्टर, तिला नका सांगू हे सगळं," कमलेश म्हणाला.

"सांगू दे त्यांना." निशिगंधाचे डोळे मिटलेलेच होते.

जेनिफरनी मास्क घट्ट बसवून पुन्हा हवा दिली.

"आता छाती हलतेय. ठोके वाढतायत." मग जरा थांबून, "स्वतः श्वास घेतला तिने. लहानसा."

तेव्हा कुठे निशिगंधा रडली.

मुलीला वरच्या मजल्यावर, नवजात बाळांच्या विभागात नेताना त्यांनी तिची काचेची पेटी निशिगंधाच्या खाटेजवळ थांबवली. तिने आत बोट घातलं. मुलीची मूठ त्या बोटाला पुरती वेढतही नव्हती.

पुढचे आठवडे सोपे गेले नाहीत. एकदा जंतुसंसर्ग झाला, तोही जेनिफरनी येऊन सांगितला. "बाळंतिणीला असं कोण सांगतं?" म्हणत सासू आवडाबाई त्यांच्यावर रागावली. जेनिफरनी ऐकून घेतलं.

मुलगी सावरली. श्वासाचं मशीन सुटल्यावर सिस्टरने कमलेशला शर्टाची बटणं काढायला सांगितली आणि तिला त्याच्या उघड्या छातीवर ठेवलं. कमलेश श्वाससुद्धा जपून घ्यायला लागला.

"अरे, नीट घे," निशिगंधा म्हणाली, "काही होत नाही तिला."