खांद्यावरची थाप

मीनाक्षी गेल्याचं कळलं त्या दिवशी रमाकांत स्टुलावर चढून पंखा पुसत होता. शेजारच्या आनंदीबाई फोन घेऊन दारात आल्या. म्हणाल्या, "रमाकांता, आदी खाली उतर. मगे सांगतंय."

तो उतरला. मे महिना होता. लालबागच्या त्यांच्या चाळीतलं बायकांचं गोविंदा पथक सहलीला समुद्रकिनारी गेलं होतं. तिथे दोन माणसांचं एक छोटं विमान लोकांना आभाळात फिरवून आणायचं. त्याचा पंख हवेतच मोडला. रमाकांतची बायको आणि पायलट, दोघंही गेली.

मीनाक्षी म्हणजे पथकातला सगळ्यात वरचा थर. पंचेचाळिशीची, पण अंगानं पोरीएवढी हलकी. वर पोचली की खालच्यांना चिडवायची, "अनुजा, तुझं पोट हसतंय आणि माझा मजला हलतोय गं!" मग सगळा मनोराच खिदळायचा. पण चढण्याआधी ती प्रत्येकीच्या खांद्यावर थाप मारायची. "आहेस?" "आहे!" असं खणखणीत उत्तर आलं तरच पाय ठेवायची.

तेराव्याला अनुजा रडत म्हणाली, "भावोजी, तिनं विमानाचा पंख धरणाऱ्या दांडीवरपण थाप मारली. 'आहेस?' म्हणाली. आणि आम्ही सगळ्या हसत हसत ओरडलो, 'आहे!' सवयच ना आमची."

पोलिसांना त्या दांडीवर ताजा रंग सापडला होता. रंगाखाली जुनी चीर होती.

तेव्हापासून रमाकांत थापा मारत सुटला. मोरीच्या दाराला, पाण्याच्या पिंपाला, आनंदीबाईंच्या फळीला. "आहेस?" फळीवरचा लोणच्याचा डबा आनंदीबाईंच्या पायावर पडला. "मेल्या, ती फळी हा, बायको न्हय तुझी!" त्या ओरडल्या. मग दोघंही हसत बसली, डोळे पुसत.

गणपतीच्या आधी मालकानं पहिल्या मजल्याच्या गॅलरीला हिरवा रंग दिला. बाप्पाचं आगमन बघायला दर वर्षी अख्खी चाळ त्याच गॅलरीत दाटीवाटीनं उभी राहते. रमाकांतनं गॅलरीखालचं लोखंड बघितलं आणि म्हणाला, "यंदा वर कुणी उभं राहायचं नाही."

रंगाचं काम घेतलेला राजेश हसला. "काका, एकदम नवीन आहे. चकाचक!"

चाळ म्हणाली, बायको गेली, रमाकांतचं डोकं फिरलं. पण संध्याकाळी सरावाला आलेल्या अनुजानं पदर खोचला. "भावोजी, चढा. आम्ही आहोत."

"मी? मला स्टुलापेक्षा वर घेरी येते!"

"मग डोळे मिटून चढा!"

गॅलरीखाली बायकांचा गोल उभा राहिला. रमाकांत चपला काढून, हातात लाटणं घेऊन पुढे झाला. अनुजाच्या खांद्यावर त्यानं थाप मारली. "आहेस?"

अनुजानं पाय घट्ट रोवले. मग इतक्या जोरात ओरडली की कबुतरं उडाली. "आहे!"

"दाजी, पायजमा सांभाळा!" खालून प्रिती किंचाळली. सगळ्या हसायला लागल्या, खांदे गदागदा हलायला लागले. वर रमाकांतही हसत होता. मीनाक्षीला वर कसं वाटत असेल ते त्याला पहिल्यांदाच कळत होतं.

त्यानं गॅलरीच्या लोखंडावर लाटणं उचललं. "आहेस?"

सवयीनं 'आहे' म्हणायला खाली सगळ्यांची तोंडं उघडली.

"कुणी बोलायचं नाही," तो म्हणाला. "लोखंडालाच बोलू दे."

लाटणं बसलं. हिरव्या रंगाचा पापुद्रा सुटला आणि गंजलेल्या लोखंडाचा चुरा सगळ्यांच्या डोक्यावर पडला. राजेशच्यासुद्धा.

आगमनाला अख्खी चाळ रस्त्यावर उभी राहिली. आनंदीबाईंना दोघींनी खांद्यावर घेतलं. "दिसलो गो, दिसलो!" म्हणून त्या वरून टाळ्या पिटत होत्या.

गॅलरी बंद आहे. लोखंड अजून बदललेलं नाही. आणि विमानाच्या चौकशीचं काय झालं, ते रमाकांतला अजून कुणी कळवलेलं नाही.