सोललेले वाल

गिरगावातल्या बालवर्गाच्या रुपालीबाईंनी बी रुजताना दाखवायला मुगाऐवजी कडवे वाल निवडले. दाणा मोठा, मुलांना नीट दिसतो. भिजवलेल्या वालांना मोड आल्यावर प्रत्येकाने आपला एक दाणा कागदी कपात, ओल्या कापसावर ठेवला. पुढच्या शनिवारी पालक, आजी-आजोबा बघायला येणार होते. तोवर रोपं व्हायला हवी होती.

मधल्या सुट्टीनंतर बाई वर्गात आल्या, तर सगळ्या कपांतले वाल गुळगुळीत, पांढरट. ऋग्वेदा खिडकीशी बसली होती. पुढ्यात सालांचा ढीग.

"हे काय गं?"

"सोलले. सगळ्यांचे," ती ऐटीत म्हणाली.

घरी बिरड्याचा बेत असला की वाल सोलायचं काम तिचं. आजी त्याबद्दल तिचं कौतुक करायची.

"बाई, हिने आमची झाडं मारली," लवू म्हणाला. "आता आमटी करा."

"आमटी नाही, बिरडं करतात," ऋग्वेदा म्हणाली. मग तिचा चेहरा उतरला. "खरंच मेली?"

बाईंनाही खात्री नव्हती. सोलताना दुभंगलेला एक दाणा त्यांनी तळहातावर उघडला. दोन डाळींच्या मध्ये इवलीशी, दुमडलेली पानं होती. मुलं खांद्यावरून वाकली.

"हे झाड. आणि या डाळी म्हणजे त्याचा डबा. माती मिळेपर्यंत ते हेच खातं."

"आणि साल?"

"साल म्हणजे रेनकोट."

"हिने रेनकोट काढला," लवू म्हणाला.

"डबा आहे ना पण," ऋग्वेदा पुटपुटली.

दुभंगलेले दाणे बाजूला काढून बाकीचे पुन्हा कापसावर ठेवले. बाईंनी पाणी बेताने घालायला सांगितलं. ऋग्वेदा रोज दप्तर न उतरवता आधी खिडकीशी जायची. काही दाणे बुळबुळीत झाले. त्यात तिचाही होता. लवूच्या कपात मात्र ती सारखी डोकावायची.

"तुझं बघ की."

"माझं संपलं."

शुक्रवारी सकाळी लवूच्या कपात वाकडा कोंब सरळ झाला होता. टोकावर दोन्ही डाळी, त्यांतून हिरवं पान डोकावत होतं.

"बाई, हा डबा डोक्यावर घेऊन आला," लवू ओरडला.

ऋग्वेदा तोंडावर हात धरून हसली. लवूने कप दोघांच्या मध्ये सरकवला.

"उद्या तुझ्या आजीला दाखव," तो म्हणाला. "पण तिला सांग, हा सोलून झालाय."