एका बाजूचा पाऊस

…कड सुटली. नखाएवढीच, पण सुटली, आणि ओल्या टीपकागदाखालून खालच्या चकतीचा हिरवा रंग डोकावला. तिने हाताला बजावलं, घाई नको. हात ऐकतो, जुन्या पुस्तकांची बांधणी उसवून पुन्हा बांधण्यात जन्म गेलेला हात तो, कागदापुढे कसं नमतं घ्यायचं ते त्याला ठाऊक आहे. मन कुठे ऐकतंय. मन केव्हाच तळाशी जाऊन बसलंय… उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. आणि वय काय बाईसाहेबांचं, तर साठीला टेकलेलं.

टेबलावर एक पितळी गोल चौकट होती आणि तिच्यात कागदी चकत्यांचा जाडजूड गठ्ठा. गाडीचा रस्ता-कर भरला की कार्यालयातून अशी एक चकती मिळायची, दरवर्षी वेगळ्या रंगाची, तिच्यावर वर्ष, गाडीचा नंबर आणि शिक्का. काचेच्या कोपऱ्यातल्या चौकटीत ती डकवायची. नियमाने आधीची खरवडून काढायची, पण खरवडायला वेळ कोणाला आहे? प्रत्येक मालकाने जुनीच्या उरावर नवी चिकटवली, आणि आळसाचं भलं होवो, गाडीची सगळी कुंडली एका जागी जमून राहिली. सकाळपासून ती वरून खाली एकेक वर्ष सोडवत होती. दुकानाचं दार आतून लावून घेतलं होतं. बाहेर पाटी उलटी केली होती, ‘बंद आहे’.

गाडी ‘स्टार्टर’ची. गॅरेजवाला, त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवत नसावं. बंद पडलेली कुठलीही गाडी त्याच्या हाताने सुरू होते म्हणून हे नाव. तीन महिन्यांपूर्वी तो एका जुन्या मोटारीचं माहितीपुस्तक बांधायला घेऊन आला, आणि बांधून झाल्यावर ती ते परत द्यायला गेली, तेव्हा कोपऱ्यात ती गाडी उभी होती, रंग उडालेली, नाक वर. सहज मागच्या सीटवर बसली. सहजच हात दाराकडे गेला आणि न बघता एका लहानशा झाकणावर पडला, राखेच्या डबीचं झाकण, बोटाने दाबलं की टक् करून उघडणारं… टक्. तिच्या बोटाला ते माहीत होतं. तिला नाही, बोटाला.

ही आमची गाडी आहे, ती म्हणाली. स्टार्टर हसला. ताई, नंबर वेगळा आहे. नंबर वेगळाच होता. बाबांच्या गाडीचा नंबर आम्हां भावंडांना पाढ्यासारखा पाठ, झोपेतून उठवून विचारला तरी सांगू. पण नंबर बदलतात, मालक बदलतात… आणि त्याला तरी गाडीचा इतिहास हवाच होता. जुन्या गाड्यांच्या शर्यतीत नाव घालायचं तर दरवर्षीचा मालक कोण आणि कर भरला की नाही, ते सगळं दाखवावं लागतं. तेव्हापासून ती मागावर आहे. स्टार्टरने गाडी घेतली एका फोटोवाल्याकडून. त्याने ती कधी चालवलीच नाही, नवरानवरींना तिच्या बॉनेटवर टेकवून फोटो काढायचा, पण कर मात्र इमानाने भरायचा. त्याच्याआधी एक डॉक्टरीणबाई. नव्वदीच्या. त्यांनी तिला चहा पाजला, गाडीचा विषय सोडून आपल्या तीन मांजरांचा वंशवृक्ष सांगितला आणि दारापर्यंत सोडायला आल्यावर म्हणाल्या, कुठल्याशा इंजिनियराकडून घेतली होती बाई, उंच होता. झालं. उंच इंजिनियर, आणि त्यापलीकडे अंधार. कर-कार्यालयातली त्या काळची दप्तरं पाण्याने केव्हाच कुजली होती. उरल्या होत्या या चकत्या.

आणि आज तळाशी असलेलं एक वर्ष तिला हवं होतं. एकच. ती पाच वर्षांची होती ते.

कारण त्या वर्षी आपण पुलावर गेलो होतो. बाबा पुलाच्या कामावर ओव्हरसियर. मी कितीतरी दिवस तापाने अंथरुणावर, आणि बाबा रोज सांगायचे की बरी झालीस की आपला पूल दाखवतो, गाडीतून. आणि नेलं. पांघरुणात गुंडाळून मागच्या सीटवर आईच्या मांडीवर… गाडी हिंदकळत होती, बाबा मान न वळवता सांगत होते, आता बाजार, आता चढ, आता बघ, लागला पूल. पूल संपतच नव्हता. पुलावर पाऊस लागला, तोही एकाच बाजूने. डावी काच पाण्याने भरून वाहत होती आणि उजवी कोरडी ठणठणीत. आणि मागच्या काचेत एक मुलगा, रस्त्यावरचा कोणीतरी, लाल झालेल्या तोंडाने गाडीमागे पळत होता, वर-खाली, वर-खाली, आणि मी त्याला हात हलवला.

ही गोष्ट तिने आयुष्यभर सांगितली. मैत्रिणींना, नवऱ्याला, मुलांना. ‘दादा नव्हता आमच्याबरोबर, त्याला घरी ठेवलं होतं,’ हे वाक्यही दर वेळी त्यात असायचं, थोडं मिरवत; दादा तिच्याहून चार वर्षांनी मोठा. मोठेपणी ती मुद्दाम जाऊन तो पूल बघून आली तर तो अगदीच आखूड निघाला, पण लहानपणचं सगळंच मोठं असतं म्हणून तिने मनाची समजूत घातली. मग बाबा गेले. त्या आठवड्यात घरात सगळे जमले असताना तिने ती गोष्ट पुन्हा सांगितली, डोळे पुसत, आणि दादा सगळ्यांसमोर म्हणाला, “कुठंही गेलो नव्हतो आपण. पाऊस कधी एका बाजूने पडतो का?” आणि उठून गच्चीवर गेला. लोक हसले. ते हसणं अजून तिच्या अंगात रुतलेलं आहे. भांडण असं झालंच नाही, त्यामुळे ते मिटलंही नाही. तेव्हापासून भावाबहिणीचं बोलणं औषधं आणि किल्ल्या यांपलीकडे जात नाही. बाकीचं वहिनी इकडून तिकडे पोचवते.

काल तिने आपणहून फोन केला होता. गाडी सापडलीय, उद्या कराची चकती काढते, संध्याकाळी पुरावा दाखवते. रस्त्याचा कर भरलाय म्हणजे गाडी रस्त्यावर होती. हातच्या काकणाला आरसा कशाला? दादाने ऐकून घेतलं. मग म्हणाला, बरं. करतो उद्या फोन.

हिरवी चकती वर आली. तिने ती चिमट्यात धरून उजेडात नेली आणि… नंबर. तो नंबर. आमचा पाढा. पहिले दोन आकडे बाबांच्या आवाजात, पुढचे दोन दादाच्या, शेवटचा तिचा स्वतःचा, बोबडा. ती खुर्चीतून उठली, टेबलाभोवती एक फेरी मारली, पुन्हा बसली. आपलीच. आपलीच गाडी! बोट खोटं बोललं नव्हतं. असं वाटलं की दार उघडावं आणि रस्त्याने जाणाऱ्या पहिल्या माणसाला हाताला धरून आत आणावं. वर्ष बघितलं. ती सहा वर्षांची होती ते. म्हणजे याच्याखाली, बरोब्बर याच्याखालीच, ते.

टीपकागद ओला केला. वाट पाहिली. हाडाची पातळ पट्टी कडेखाली सरकवली. आता मनही शहाण्यासारखं गप्प बसलं होतं. पिवळा रंग. सुटली. नंबर तोच. वर्ष…

चार वर्षांची होती ते.

चुकलंच काहीतरी. दोन चकत्या एकमेकींना चिकटून आल्या असतील. तिने भिंग लावलं. कागदाच्या बाबतीत ती फार काटेकोर. दुसऱ्याला फसवता येईल, स्वतःला कसं फसवणार? हिरव्या चकतीच्या पाठीवर पिवळीच्या शिक्क्याची जांभळी शाई उमटली होती, उलटी, आरशात दिसते तशी, अक्षर न् अक्षर. दोन कागद वर्षानुवर्षं अंगाला अंग लावून राहिले की असं होतं. मधे काहीही नव्हतं. कधीच नव्हतं.

तिने स्टार्टरला फोन लावला. आधी नंबर सांगितला, तर तो आनंदाने ओरडलाच, मग मधलं वर्ष नाही म्हणून सांगितलं. “त्यात काय ताई,” तो म्हणाला, “गाडी बंद असली की कर माफ व्हायचा. पण चाकं काढून विटांवर चढवायला लागायची. साहेब येऊन बघून जायचा. मागचा अ‍ॅक्सल बदललेलाय तिचा, त्याच वर्षी मोडला असणार. तेव्हा पार्ट यायचा म्हणजे वर्ष धरा.” आणि मग शर्यतीत पुढच्या सीटवर तुम्हीच बसायचं, वगैरे. ती हो हो म्हणाली आणि फोन ठेवला.

विटांवर.

म्हणजे दादा खरं बोलत होता. आपण कुठंही… ती दुःखाची वाट बघत बसली, दार वाजणार म्हणून कानोसा घ्यावा तशी. ते येईना. उलट छातीत जे सकाळपासून उड्या मारत होतं ते थांबायला तयार नव्हतं, ते अजून कुठेतरी पुढे चाललं होतं, आणि तीही त्याच्यामागे. चाकं नाहीत. विटांवर उभी गाडी, परसातल्या पत्र्याखाली. बाबा पुढे, स्टिअरिंग हातात धरून. आता बाजार, आता चढ. आई पांघरूण सावरतेय. इथवर ठीक आहे. पण मग गाडी हिंदकळत होती, ती कशी? ताप होता, ताप. नाही, तापाने डोकं हलतं, सीटच्या स्प्रिंगा करकरत नाहीत. कोणीतरी हलवत होतं. मागून. बंपर धरून, वर-खाली, वर-खाली… आणि मागच्या काचेत तो मुलगा.

ती उभी राहिली.

पळत नव्हता तो. पळणारा मुलगा मागे पडतो. इतक्या वर्षांत एकदाही मनात आलं नाही की हा मुलगा मागे का पडत नाही, संपूर्ण पूलभर काचेत तेवढाच कसा दिसतो. आणि मधे तो दिसेनासा झाला तेव्हा गाडी थांबली होती. हो, थांबली होती, बाबा म्हणाले होते, फाटक लागलंय, आगगाडी जाऊ दे. आणि मग पाऊस. डाव्या बाजूने. नऊ वर्षांचा मुलगा एका वेळी एकाच बाजूला उभा राहू शकतो.

ती हसायला लागली, एकटीच, बंद दुकानात. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही, पण तिने पुसलं नाही. ‘दादा नव्हता आमच्याबरोबर.’ किती वेळा? प्रत्येक पाहुण्यासमोर, प्रत्येक बैठकीत, त्याच्या लग्नात वहिनीलासुद्धा. तो समोर बसून ऐकायचा. एकदाही म्हणाला नाही, अगं वेडे, मी होतो. बाबांनी शपथ घातली असेल, हिला कळू द्यायचं नाही. आणि बाबा गेल्यावरही त्याने शपथ मोडली ती अर्धीच; गेलो नव्हतो एवढंच सांगितलं, स्वतः काय केलं ते नाही. का? रागाने? की एकदा तरी मीच विचारावं म्हणून?

बाहेर संध्याकाळ उतरली होती. चकत्या टीपकागदावर ओळीने वाळत होत्या, आणि हिरवी अन् पिवळी यांच्यामधे तिने नकळत एक जागा मोकळी सोडली होती. स्टार्टरच्या कागदावर या वर्षापुढे काय लिहायचं? ‘गाडी रस्त्यावर नव्हती.’ खरं आहे. दादाचंच खरं. मग हे जे आत हिंदकळतंय, ते कुठल्या रस्त्यावर?

फोन वाजला. दादाच. तो नेहमी स्वतःच्या घराखाली पोचला की फोन करतो आणि बोलत बोलत जिने चढतो, वहिनी ओरडते तरी.

“हं,” तो म्हणाला. “निघाला का पुरावा?”

तिने सकाळी मनात पाठ केलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली होती. निघाला म्हणावं की नाही निघाला? दोन्ही खोटं झालं असतं.

“दादा,” ती म्हणाली, “पूल खूप लांब होता ना रे?”

पलीकडे पावलं थांबली. जिन्यात कोणाचं तरी दार उघडून मिटलं. ती पितळी चौकट मुठीत घट्ट धरून उभी होती.

“झारी तीनदा भरून आणली होती मी,” तो म्हणाला.

जिने चढून आलेला त्याचा श्वास तेवढा ऐकू येत राहिला, एका लयीत, जरासा घरघरत, चढावर दम लागतो तसा. तिने फोन कानाशी घट्ट धरला. हा आवाज तिच्या ओळखीचा होता, पांघरुणाच्या आतून ऐकलेला, सीटच्या पाठीमागून येणारा… आणि इतकी वर्षं ती तो इंजिनाचा समजत आली होती की काय, हे तिला अजून ठरवता येत नव्हतं. ती नुसती ऐकत राहिली.