उडणारा माणूस

घिवलीच्या मैदानात तंबू लावून दामू सिनेमे दाखवायचा. या वेळी तो गावभर सांगत फिरला, "पाण्यासारखा पैसा ओतलाय. माणूस उडतो."

गोदूबाई सुनेला, नलूला, मुद्दाम घेऊन गेली. नलूचा नवरा वामन दुपारीच मासेमारीहून परतायला हवा होता. घरी बसून पोरीचा जीव टांगणीला लागेल, असं सासूला वाटलं.

पडद्यावर वादळात जहाज बुडत होतं. नायक उडत आला आणि त्यानं ते एका हातानं उचललं. कुणी टाळी वाजवली नाही. बाहेर वारा वाढला होता, तंबूचं कापड जोरात फडफडत होतं.

मध्यंतरात दामूनं विचारलं, "काय गो, आवडला नाय?"

"मागच्या हप्त्यातला बरा होता," गोदूबाई म्हणाली. "त्यातला हिरो पाण्यात उतरताना थरथरत होता. ह्याला भेवच नाय. मग आमी त्याच्यासाठी काय म्हणून भ्यावं?"

नलू केव्हाच उठली होती. दोघी किनाऱ्यावर आल्या. बाकीच्या होड्या लागल्या होत्या. त्यांतल्या कुणालाच वामन दिसला नव्हता.

"उजाडलं की शोधाया जातो," एका होडीचा म्होरक्या, दादू तांडेल, म्हणाला.

"आताच जा, दादूकाका," नलू म्हणाली.

दादू बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिला. मग त्यानं चौघांना हाक मारली आणि कंदील घेऊन होडी पाण्यात ढकलली. काळ्या लाटांमध्ये कंदील एकदा दिसला, पुन्हा दिसला, नंतर दिसेना. नलूनं सासूचा हात घट्ट धरला. दोघी वाळूवरच बसून राहिल्या.