रुसव्यासाठी राखीव पंधरा मिनिटं

माझ्या धाकट्या बहिणीचं, संध्याचं लग्न ठरलं त्याच दिवशी तिनं दोन गोष्टी जाहीर केल्या. एक, लग्न पत्रिकेत छापलेल्या वेळेला लागेल. दोन, आमचे वडील, म्हणजे अप्पा, कोणाच्याही पाया पडणार नाहीत. पहिली गोष्ट ऐकून घरात सगळे हसले. दुसरी ऐकून कोणीच हसलं नाही, कारण आठ वर्षांपूर्वी माझ्या लग्नात काय झालं होतं ते आमच्या अख्ख्या कुरुंदा गावाला माहीत आहे.

झालं होतं असं. शिलाआत्याचे यजमान, म्हणजे आमचे भिवाजी फुवाजी, हे घरचे थोरले जावई. राहायला सेनगावला, शेती बरी, माणूस दिलदार. पण लग्नाचा मांडव दिसला की त्यांना रुसायची हुक्की येते. एका लग्नात बुंदी उशिरा वाढली म्हणून रुसले, एका लग्नात पत्रिकेत त्यांचं नाव कोण्या दूरच्या जावयाच्या खाली छापलं म्हणून रुसले. माझ्या लग्नात फोटोवाला म्हणाला, "काका, जरा बाजूला व्हा, नवरी झाकली जातेय." झालं. फुवाजी तडक जीपमध्ये जाऊन काचा वर करून बसले. मे महिन्यात! आई विनवून आली, चार म्हातारे जाऊन आले, कोणाला दाद नाही. शेवटी अप्पांनी सातशे माणसांसमोर भर उन्हात त्यांच्या पायावर डोकं ठेवलं, तेव्हा स्वारी खाली उतरली. तोवर लग्न लावणारे बौद्धाचार्य पुढच्या लग्नाला निघून गेले होते, ते परत आले चार वाजता. माझ्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत मी तक्रार नोंदवायला आलेल्या बाईसारखी दिसते.

संध्या तेव्हा अकरावीत होती. अप्पा वाकले तेव्हा ती जीपच्या चाकापाशीच उभी होती. तिनं ते मनात धरून ठेवलं, आणि आता हिंगोलीच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारी बाई झाल्यावर तिनं त्याचं वेळापत्रक केलं.

तसं आमच्यात मुहूर्त पाहत नाहीत. कार्यालय आणि बौद्धाचार्य एकाच दिवशी मोकळे सापडले की तोच मुहूर्त. सतरा मेला दुपारी सव्वाबारा ठरले. मग संध्या आणि तिचा होणारा नवरा रत्नपाल यांनी मोबाइलवर लग्नाचे नमुने बघायला सुरुवात केली आणि घरातल्या कोणाला काही सुचू द्यायचं नाही असं जणू ठरवूनच टाकलं. विधीला पांढरी साडी हा आपला रिवाज. पण संध्याच्या मोबाइलमध्ये पांढऱ्याचे अकरा प्रकार निघाले. मोतिया, दुधी, हस्तिदंती आणि काय काय. आई म्हणाली, "पांढरं ते पांढरंच की गं! धुतल्यावर समदं एकच दिसतंय." साडीच्या काठाचंच कापड रत्नपालच्या कुर्त्याच्या गळ्याला लावायचं, तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांमागं पिंपळपानांची जाळी करायची, फुलं फक्त पांढरी. रत्नपालनं भीत भीत सुचवलं, "मी ट्रॅक्टरवर बसून एन्ट्री घेऊ का?" संध्या म्हणाली, "काहून? नवरदेव येऊन राहिला का खताची पोती?" तो विषय तिथंच मिटला. लग्नाआधीचे फोटो काढायला दोघं सिद्धेश्वरच्या धरणावर गेले. तिथं मासे धरणाऱ्यांनी "जवळ सरका, आणखी जवळ सरका" म्हणत एवढं मार्गदर्शन केलं की फोटोवाल्याला बोलायला जागाच उरली नाही.

पण खरी करामत होती त्या वेळापत्रकात. पाहुण्यांचं पाणी, नवरीची तयारी, फेटे बांधणं, प्रत्येक गोष्टीपुढं वेळ आणि कोण करणार त्याचं नाव. आणि मधोमध एक ओळ: सव्वाअकरा ते साडेअकरा, फुवाजी रुसणे. जबाबदार: सुरज.

सुरज आमचा भाऊ. मी म्हटलं, "अगं, हे काय?"

"ताई, ते रुसणार म्हणजे रुसणारच. मग वेळ धरलेला बरा न्हाई का? सुरज त्याइच्या पाया पडंल, थंड पाणी देईल, पंधरा मिनिटांत मोकळं. अप्पापर्यंत गोष्ट जायलाच न्हाई पाहिजे."

मला तिचं कौतुक वाटलं. खरं सांगायचं तर जळफळाटही झाला. हे डोकं आठ वर्षांपूर्वी कोणाला का सुचलं नाही?

लग्नाला आठ दिवस असताना सुरजनं ते वेळापत्रक मांडववाल्याला पाठवायच्या ऐवजी घरच्या ग्रुपवर टाकलं. एकशे चाळीस माणसं आहेत त्या ग्रुपवर, आणि फुवाजी त्यातले सगळ्यात जागरूक. सुरजनं ते पुसून टाकेपर्यंत सेनगावहून फोन आला. आईनं तो घाईघाईनं माझ्याकडं दिला. मी फोनचा आवाज मोठा केला.

"सपना, मी वाचलं," फुवाजी म्हणाले.

"फुवाजी, ते आपलं..."

"पंधरा मिन्टं? अगं, पंधरा मिन्टांत माणूस नीट रुसून तरी होतो का? तुमच्या घरचा थोरला जावई हाय मी." मग जरा थांबून म्हणाले, "आता तर मी रुसतच न्हाई. बसा तुमी वेळ मोकळा धरून!"

आणि फोन ठेवला. न रुसून बदला घेणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

लग्नाच्या दिवशी फुवाजी दहालाच हजर. पहिला फेटा त्यांना, पहिल्या रांगेतली गादीची खुर्ची त्यांना, पत्रिकेत नाव ठळक. वर चेहऱ्यावर असं काही हसू की संध्यालाच धास्ती वाटायला लागली. सव्वाअकराला सुरज पाण्याची बाटली घेऊन जवळ उभा राहिला. फुवाजींनी मनगट वर करून घड्याळ पाहिलं, साडेअकरापर्यंत त्याच्याकडं बघत मजेत पाय हलवले आणि म्हणाले, "झाला का तुमचा टाइम? जा आता, पाहुण्याइला पाणी वाट."

बारा वाजता वऱ्हाड कार्यालयात बसलं. बौद्धाचार्य स्टेजवर आले. त्यांना दोन वाजता वसमतला दुसरं लग्न लावायचं होतं. संध्या पांढऱ्या साडीत अशी दिसत होती की माझे डोळे भरून आले. बारा दहाला बौद्धाचार्य म्हणाले, "वधूपित्यानं पुढं यावं."

वधूपिता नव्हता.

अप्पा स्टेजवर नव्हते, दारात नव्हते, जेवणाच्या मांडवात नव्हते. आई वेड्यासारखी फिरत होती. शेवटी आचाऱ्यानं भाज्या ठेवायच्या खोलीकडं बोट दाखवलं. आत कोबीच्या पोत्यावर अप्पा बसले होते. नवा कोरा फेटा काढून मांडीवर ठेवलेला.

"अप्पा, उठा ना. लग्न लागून राहिलं," मी म्हटलं.

"लावा की," अप्पा म्हणाले. "माझं काय काम हाय तिथं?"

अप्पा रुसले होते! जन्मात कधी न रुसलेला माणूस, ज्याच्यासाठी एवढा बंदोबस्त केला तोच. मी म्हटलं, "बरं वाटत न्हाई का? कोणी काही बोललं का?" अप्पांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. आई माझ्या कानाशी म्हणाली, "कालच्या हळदीचं हाय ते. रातभर डोळ्याला डोळा न्हाई त्याइच्या."

आणि मला सगळं लख्ख आठवलं. अप्पांची चार एकर हळद आहे. औंदा काढणी झाली तेव्हाच त्यांनी एकसारखी हळकुंडं निवडून बाजूला ठेवली होती. कोणाला हात लावू दिला नव्हता. स्वतः वाळवली, आईकडून कुटून घेतली, वस्त्रगाळ केली. काल सकाळी हळदीच्या वेळी ते डबा घेऊन आले. फोटोवाला म्हणाला, "काका, ती नको, लई गडद येती." आणि संध्यानं मोबाइलमधून मान वर न करता सांगितलं, "अप्पा, राहू द्या ती. पार्सलची मागवली हाय, फिकी." कुरुंद्यासारख्या गावात, हळद पिकवणाऱ्याच्या पोरीला, गुलाबपाणी घातलेली पाकिटातली हळद लागली. मी तिथंच उभी होते. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, याची आता लाज वाटते.

मी हात जोडले, सुरजनं पाय धरले. अप्पा हलेनात. तेवढ्यात दारात फुवाजी. त्यांनी आधी परिस्थिती पाहिली, मग त्यांचा चेहरा लाल झाला.

"अमृतराव! ही कोणती रीत झाली? रुसायचा मान जावयाचा असतो. नवरीच्या बापानं रुसलेलं कुठं पाहिलंय का कोणी?"

"दाजी, तुमी जा. मला बोलू वाटंना," अप्पा म्हणाले.

"सपना, तू व्हय बाजूला. तुमाला यातलं काही कळत न्हाई." फुवाजींनी आम्हाला मागं सारलं. "रुसलेल्याला काहून रुसला म्हणून इच्यारायचं नसतं. त्यानं त्यो आणखी चिडतो. शेजारी बसायचं." आणि ते खरोखरच शेजारच्या कांद्याच्या पोत्यावर बसले, त्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. पायापाशी पडलेला एक कांदा उचलून त्याची टरफलं काढत राहिले.

"सपनाच्या लग्नात फोटोवाल्यानं मलाबी बाजूला हो म्हटलं होतं," फुवाजी एकाएकी म्हणाले. "तवा तू माझ्या पाया पडला. मला वाटलं, लई मान भेटला. घरी गेलो तर तुझी बहीण महिनाभर बोलली न्हाई माझ्याशी. भाकरीबी समोर आपटायची." मग ते पोत्यावरून खाली उतरले. "आता मी वाकतो. पण लवकर उठव, गुडघे गेलेत माझे."

"दाजी, काय करून राहिले हे!" अप्पांनी त्यांना अर्ध्यातच धरलं. दोघं तसेच एकमेकांना धरून उभे राहिले. मला रडू फुटलं, लपवायचं तरी कशाला?

तेवढ्यात मागून बांगड्या वाजल्या. संध्या स्टेजवरून सरळ खोलीत आली होती, मागं रत्नपाल आणि त्याच्यामागं मोबाइलवर वेळ बघणारा फोटोवाला. मधेच बाहेर गेलेल्या आईनं तिला सगळं सांगितलं असावं. ती अप्पांसमोर गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, "अप्पा, डबा कुठंय?"

डबा अप्पांच्या पिशवीतच होता. घरी ठेववला नव्हता त्यांच्याच्यानं.

"लावा मला हळद."

"आता? साडी पांढरी हाय, पोरी. डाग जायचा न्हाई. आपली सेलम जातीची हळद हाय ती."

"मला म्हाईत हाय. लावा."

आचाऱ्याकडून वाटीत पाणी घेतलं. अप्पांनी कालवली आणि आधी एका गालाला, मग दुसऱ्या गालाला लावली. घाईत ती पातळ झाली होती, त्यामुळं थोडी खांद्यावर सांडली, थोडी पदरावर. अकरा प्रकारांतून निवडलेलं ते पांढरं कापड बघता बघता पिवळं झालं. फोटोवाला कळवळून म्हणाला, "मॅडम, सगळ्या फोटोत दिसेल हो!" संध्या म्हणाली, "दिसू द्या. दिसावं म्हणूनच लावली." रत्नपालनं गुपचूप गाल पुढं केला, तेव्हा अप्पा हसले.

आम्ही सगळे स्टेजवर पोचलो तेव्हा पाऊण वाजला होता. बौद्धाचार्य संतापले होते. शिस्तीचा माणूस, त्यांचंही काही चुकत नव्हतं. माइक हातात घेऊन म्हणाले, "सव्वाबाराची वेळ छापली. बुद्धाच्या धम्मात शिस्तीला किंमत आहे. एवढी माणसं उपाशी खोळंबली. हा उशीर कोणामुळं झाला, हे कळू द्या समाजाला."

अप्पांनी खाली मान घातली. संध्यानं माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. आठ वर्षं जे टाळायचं म्हणून ती झटली तेच आता होणार होतं, आणि या वेळी अप्पा स्वतःच कबूल करणार होते. त्यांनी एक पाऊल पुढं टाकलंसुद्धा.

फुवाजी त्यांच्या आधी माइकपाशी पोचले.

"माझ्यामुळं," त्यांनी घसा साफ करून सांगितलं. "मी रुसलो होतो. मला गुलाबाचं फूल दिलं न्हाई. अमृतराव बिचारे मलाच समजावून राहिले होते. माणूस मोठ्या मनाचा हाय म्हणून मी आलो, न्हाईतर येत नव्हतो."

सातशे माणसांनी क्षणात विश्वास ठेवला. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "वाटलंच होतं!" बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. बौद्धाचार्यांनी कपाळाला हात लावला आणि त्रिसरणाला सुरुवात केली. बायांच्या रांगेत बसलेल्या शिलाआत्याला मात्र आईकडून खरं कळलं होतं. ती नवऱ्याकडं बघत होती, आणि तिचा चेहरा इतका फुलला होता की नवरी कोण असा प्रश्न पडावा.

फुवाजी गर्दीतून वाट काढत खाली आले. लोक त्यांना टोमणे मारत होते आणि ते सगळ्यांना "व्हय, व्हय, रुसलोच होतो" म्हणत खुर्चीकडं निघाले होते. अप्पांनी त्यांचं मनगट धरलं, स्टेजवर परत ओढलं आणि शेजारी उभं केलं. मग फोटोवाल्याला म्हणाले, "आता घे फोटो. आणि कोणालाच बाजूला हो म्हणू नको."